ग्रेग ऑलमनचं 'मेलिसा' लाइव्ह: तुम्ही परत परत विचारता ते प्रश्न

दर महिन्याला आमच्याकडे सात-आठ जण जमतात आणि एक रेकॉर्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकतो, मधे बोलायचं नाही असा नियम आहे आणि तो कुणीही पाळत नाही. मागे एकदा ग्रेग ऑलमनचं मेकनमधलं लाइव्ह लावलं आणि तेव्हापासून त्यातल्या 'मेलिसा' या गाण्याबद्दल मेसेज थांबतच नाहीयेत. तीच उत्तरं टाइप करून करून अंगठा दुखायला लागला म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. पहिले प्रश्न सोपे आहेत, ज्यांना बेसिक माहितीये त्यांनी सरळ खाली जा.

हा ग्रेग ऑलमन नक्की कोण?

ऑलमन ब्रदर्स बँडचा गायक आणि ऑर्गनवादक. जन्म ८ डिसेंबर १९४७, नॅशव्हिल, टेनेसी. वडील सैन्यात होते, १९४९ च्या ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी एका माणसाला गाडीत लिफ्ट दिली आणि त्यानेच त्यांना गोळी घातली, तेव्हा ग्रेग दोन वर्षांचा. आईने दोघा भावांना एकटीने वाढवलं, पुढे फ्लोरिडात डेटोना बीचला नेलं. मोठा भाऊ ड्वेन, ग्रेगपेक्षा वर्षभरानेच मोठा. १९६९ च्या मार्चमध्ये जॅक्सनव्हिलला बँड जमला आणि लगेच सगळी मंडळी जॉर्जियातल्या मेकन नावाच्या गावात राहायला गेली, कारण त्यांची रेकॉर्ड कंपनी तिथली. ग्रेग २७ मे २०१७ ला गेला, ६९ वर्षांचा होता. तुम्ही ऐकलेलं रेकॉर्डिंग त्याच्या सहासष्टाव्या वर्षातलं आहे.

सदर्न रॉक म्हणजे काय, आणि हे तर इतकं शांत गाणं आहे, यात रॉक कुठंय?

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या पोरांनी ब्लूज, कंट्री, गॉस्पेल आणि थोडा जॅझ एका पातेल्यात घालून जे शिजवलं ते. दोन लीड गिटार, ऑलमन बँडमध्ये तर दोन ड्रमरही, आणि स्टेजवर एकेक गाणं वीस-वीस मिनिटं चालायचं. ग्रेगला स्वतःला हा शब्द आवडायचा नाही, त्याचं म्हणणं रॉक जन्मालाच दक्षिणेत आलं, मग सदर्न रॉक म्हणणं म्हणजे रॉक रॉक म्हटल्यासारखं झालं. आपल्याकडे 'लिंबाचं लिंबू सरबत' म्हणतात तसं.

शांत गाण्याचं म्हणाल तर बरोबर आहे, आणि नेमकं याच कारणामुळे ग्रेगने ते बरीच वर्षं बँडला दिलंच नाही. त्याला वाटायचं हे आपल्या बँडसाठी फार मऊ आहे. ड्वेनला मात्र ते फार आवडायचं.

फ्री बर्डवाले ते हेच ना?

नाही. 'फ्री बर्ड' हे गाणं लिनर्ड स्किनर्ड नावाच्या दुसऱ्या बँडचं, तेही जॅक्सनव्हिलचेच. त्यांचा गायक १९७७ च्या विमान अपघातात गेला. दोन्ही बँडच्या वाट्याला अपघात आले म्हणून लोकांचा घोळ होतो.

मेलिसा कोण होती? गर्लफ्रेंड ना?

कोणीच नव्हती! १९६७ चा शेवट, फ्लोरिडातलं पेन्साकोला, एव्हरग्रीन नावाचं मोटेल. ग्रेगने ड्वेनची गिटार उचलली आणि चाल, शब्द बरंचसं जमलं, फक्त नाव सापडेना. भटका माणूस शेवटी परत कुणाकडे येतो? दोन-चार नावं लावून पाहिली, मीटरमध्ये बसेनात. मग एका रात्री उशिरा तो किराणा सामानाच्या दुकानात गेला, तिथे एक स्पॅनिश बोलणारी बाई आणि तिची लहानगी पोरगी, पोरगी दुकानात इकडून तिकडे पळतेय आणि आई मागून हाका मारतेय, मेलिसा, मेलिसा, परत ये. झालं, नाव मिळालं. हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलंय.

म्हणजे बघा, गाण्यात जी घरी वाट बघणारी बाई आहे तिचं नाव मुळात पळून जाणाऱ्या एका पोरीचं. मला ही गोष्ट गाण्याइतकीच आवडते. याच बँडच्या डिकी बेट्सने आपल्या एका गाजलेल्या धुनेचं नाव मेकनच्या कब्रस्तानातल्या एका दगडावरून उचललं होतं, त्यामुळे नावं कुठूनही घ्यायची हा या लोकांचा खाक्याच दिसतो.

गाणं कशाबद्दल आहे? इंग्लिश कळतं पण अर्थ लागत नाही.

अर्थ एका वाक्यात येणार नाही पण प्रयत्न करतो. एक भटक्या आहे, रस्ते येतात जातात, मालगाड्या येतात जातात, तो या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्याला, त्याला ओळखणारं कुणी नाही, त्याचे उसासे कुणी ऐकत नाही, आणि मनात कायम ती एक. चौरस्ता परत परत येतो. ब्लूजमध्ये चौरस्ता ही साधी जागा नसते, तिथे माणसाचा सौदा होतो असं मानतात, आपल्याकडे तिठ्यावर उतारा ठेवतात तशी जरा भारलेली जागा समजा. आणि शेवटाकडे गाणं विचारतं की हा चौरस्ता त्याला कधी सोडणार का, की तो मातीखालीच जाणार, की त्याचा आत्मा तरंगत निघून जाणार.

आता हे लिहिणारा पोरगा विशी गाठायच्या बेतात होता. त्या वयात मातीबद्दल लिहायला काय जातं, छान वाटतं ऐकायला. चार वर्षांनी त्याला तेच शब्द कुठे गावे लागले ते खाली अंत्यविधीच्या प्रश्नात वाचा.

रेकॉर्डवर गिटार ड्वेन वाजवतोय ना? किती सुंदर आहे!

सुंदर आहे, पण ड्वेन नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि चूक समजण्यासारखी आहे, कारण ज्या अल्बमवर हे गाणं आहे, १९७२ च्या फेब्रुवारीत आलेला 'ईट अ पीच', त्यावर ड्वेन आहे. फक्त या गाण्यावर नाही. ड्वेन २९ ऑक्टोबर १९७१ ला मेकनमध्ये मोटारसायकल अपघातात गेला, २४ वर्षांचा. अल्बम अर्धवट राहिला होता. उरलेली मंडळी मायामीतल्या क्रायटेरिया स्टुडिओत गेली आणि तीन गाणी ड्वेनशिवाय केली, त्यातलं एक 'मेलिसा'. ती लीड गिटार डिकी बेट्सची, जपून, एकेक सूर ठेवत वाजवलेली.

मग ड्वेनने हे गाणं कधी वाजवलंच नाही का?

वाजवलंय, इथेच तर गंमत आहे. १९६८ मध्ये, ऑलमन ब्रदर्स बँड जन्मायच्या आधी, दोघं भाऊ मायामीत 'थर्टी फर्स्ट ऑफ फेब्रुवारी' नावाच्या बँडबरोबर काही डेमो करत होते (३१ फेब्रुवारी, हो, तेच नाव होतं). त्या बँडचा ड्रमर बुच ट्रक्स, तोच पुढे ऑलमन ब्रदर्समध्ये आला. त्या डेमोत 'मेलिसा' आहे आणि त्यावर ड्वेन आहे. तो डेमो बाजारात आला थेट १९७२ मध्ये, म्हणजे ड्वेन गेल्यावर. त्यामुळे कुणी तुमच्याशी पैज लावून म्हणालं की ड्वेनचं मेलिसा आहे, तर पैसे लावू नका, तो बरोबर असू शकतो. फक्त कुठलं रेकॉर्डिंग ते आधी विचारा.

भावाच्या अंत्यविधीत त्याने हे गायलं होतं हे खरं का?

खरंय. १ नोव्हेंबर १९७१, मेकन. बँडमधल्या लोकांनी वाद्यं आणली होती, तिथेच वाजवलं, आणि ग्रेगने ड्वेनचीच एक जुनी गिटार घेऊन 'मेलिसा' गायलं, कारण ते ड्वेनचं आवडतं होतं. जे गाणं त्याने मऊ आहे म्हणून बाजूला ठेवलं होतं ते. त्यानंतर काही आठवड्यांत ते स्टुडिओत रेकॉर्ड झालं. म्हणून मी म्हणतो की रेकॉर्डवरचं गाणं प्रेमगीत राहिलेलंच नाही, कुठे वाजवायचं हे ठरून गेल्यावरचं ते गाणं आहे. आणि वर्षभरानंतर बँडचा बेसवाला बेरी ओकलीही गेला, तोही मोटारसायकलवर, तेही मेकनमध्ये, ड्वेनच्या जागेपासून थोड्याच अंतरावर, तोही २४ चा. कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं.

लेखक म्हणून ग्रेगबरोबर स्टीव्ह अलेमो हे नाव दिसतं, त्याने काय लिहिलं?

अलेमो त्या मायामीच्या डेमोंचा निर्माता. ग्रेगला तेव्हा पैशाची भयंकर निकड होती आणि त्याने गाण्याचे हक्क काहीशे डॉलरना त्याला विकून टाकले. नंतर बँडचा मॅनेजर आणि कॅप्रिकॉर्न रेकॉर्ड्सचा मालक फिल वॉल्डन याने त्यातला हिस्सा परत मिळवला म्हणून अल्बमवर घेता आलं. नाव मात्र राहिलं ते राहिलंच. आपल्याकडच्याही कितीतरी जुन्या कलाकारांनी घरभाड्यासाठी काय काय विकलंय, तेव्हा फार नवल वाटून घेऊ नका.

तेव्हा हिट झालं होतं का?

छे. १९७२ मध्ये सिंगल आलं, बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या शंभर गाण्यांच्या यादीत ८६ व्या नंबरपर्यंत गेलं, संपलं. लोकांनी ते हळूहळू, रेडिओवर आणि मैफलींमध्ये आपलंसं केलं.

लाइव्ह ऐकायचंय, कुठून सुरू करू?

'बॅक टू मेकन' पासून. १४ जानेवारी २०१४, मेकनचं ग्रँड ऑपेरा हाऊस, ग्रेगचा स्वतःचा बँड, गिटारवर स्कॉट शॅरार्ड, सोबत ब्रास सेक्शन. बाजारात २०१५ मध्ये आलं. गाव तेच, जिथे १९७१ मध्ये त्याने भावासाठी गायलं होतं.

ते संपलं की त्याच्या चारच दिवस आधीचं ऐका. १० जानेवारी २०१४, अटलांटाचं फॉक्स थिएटर, ग्रेगच्या सन्मानार्थ मोठा कार्यक्रम झाला होता, तिथे गायक जॅक्सन ब्राऊन आणि ग्रेग दोघांनी मिळून 'मेलिसा' गायलं. दोन म्हाताऱ्या दोस्तांचं गाणं आहे ते, एकमेकांना जागा देत देत. चार दिवसांच्या अंतराने एकच माणूस एकच गाणं किती वेगळं गातो ते बघा. अटलांटात सोहळा आहे, मेकनला घरी आल्यासारखं आहे.

हेडफोनवर ऐका प्लीज, फोनच्या स्पीकरवर नको.

तुम्ही म्हणता म्हातारपणीचं जास्त चांगलं, पण आवाज तर गेलेला वाटतो?

हं, यावर आमच्याकडे भांडणं झालीयेत आणि एक जण चहा न घेता निघून गेला होता. माझं मत सांगतो.

आवाज उतरलाय, कबूल. १९७२ च्या रेकॉर्डवर तो चोवीस वर्षांचा आहे आणि ओळीच्या शेवटी सूर लांबवतो, कारण लांबवता येतो. मेकनमध्ये तो तीच ओळ जरा उशिरा उचलतो, ताल पुढे गेलेला असतो आणि हा मागून, घाई नसल्यासारखा येतो, आणि शेवटचा शब्द लांबवत नाही, नुसता ठेवून देतो. पहिल्यांदा ऐकताना वाटतं दम संपला. चौथ्या-पाचव्यांदा लक्षात येतं की दम कमी आहे हे त्याला पक्कं माहितीये आणि तो त्या हिशोबाने गातोय. आपल्याकडे मोठे गवई उतारवयात तान कमी करतात आणि एका सुरावर जास्त वेळ थांबतात, आणि जाणकार म्हणतात आवाज उतरला पण गाणं चढलं, तसलाच प्रकार.

दुसरं म्हणजे शब्द. विशीतल्या पोराने माती, आत्मा, चौरस्ता म्हटलं तर ती कविता. सहासष्ट वर्षांच्या माणसाने, भाऊ पुरलेल्या गावात, दुसऱ्याचं लिव्हर पोटात घेऊन म्हटलं की ती माहिती होते. मला तरी तो त्या ओळीवर जराही जोर देत नाही हेच सगळ्यात भारी वाटतं. जोर दिला असता तर नाटक झालं असतं.

ज्यांना तरुणपणचं आवडतं त्यांनी तेच ऐकावं, चहा घेऊन जावं.

लिव्हरचं काय प्रकरण?

हेपटायटिस सी, २००७ मध्ये निदान झालं, मग लिव्हरचा कॅन्सर. दारू आणि ड्रग्जची बरीच वर्षं आधी होतीच, त्याने ती कधी लपवली नाहीत. जून २०१० मध्ये फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला लिव्हर ट्रान्सप्लांट झालं आणि २०११ च्या जानेवारीत नवीन ब्लूज अल्बमही आला. पुढे कॅन्सर परत आला, ते त्याने लोकांना कळू दिलं नाही. रेडिएशन घेतलं तर स्वरयंत्राला धोका होता म्हणून त्याने ते घेतलं नाही असं त्याच्या मॅनेजरने नंतर सांगितलं. वरचा आवाजाचा प्रश्न हे लक्षात ठेवून परत वाचा.

तो तर ऑर्गनवाला ना? मग या गाण्यात हातात गिटार का?

एरवी तो स्टेजच्या कडेला हॅमंड बी-थ्रीच्या मागे बसलेला असायचा. तो ऑर्गन म्हणजे लाकडी कपाटच असतं, बाजूला लेस्ली स्पीकर, आत भोंगा गरागरा फिरतो म्हणून आवाज थरथरतो. माणूस त्यामागे लपतो आणि ग्रेग मुळात बुजरा. 'मेलिसा'साठी मात्र तो उठून पुढे यायचा, गळ्यात अकूस्टिक गिटार अडकवून माइकसमोर उभा राहायचा, कारण गाणं जन्मालाच गिटारवर आलंय, ऑर्गनवर ते बसत नाही. म्हणून लाइव्हमध्ये हे गाणं सुरू व्हायच्या आधीच लोक ओरडायला लागतात, तो उठला की कळतं काहीतरी हळवं येणार.

मला हे गिटारवर वाजवायचंय, सोपं आहे का?

सुरुवात सोपी आहे. ड्वेनची ती गिटार ओपन ई ट्यूनिंगमध्ये होती, त्यामुळे बोट न ठेवता नुसता हात फिरवला तरी ई कॉर्ड. त्यावर वरच्या दोन तारा मोकळ्या ठेवून कॉर्डचा आकार वर सरकवायचा, ई, मग एफ शार्प मायनर, मग जी शार्प मायनर, आणि परत खाली. त्या मोकळ्या तारा सगळ्या कॉर्डमधून वाजत राहतात आणि ते तंबोऱ्यासारखं कानात बसतं, गाण्याचा सगळा जीव तिथे आहे. साध्या ट्यूनिंगमध्येही हे जमतं आणि नवशिक्यांनी तसंच करावं.

आता सावधगिरी. ओपन ई करायला पाचवी आणि चौथी तार पूर्ण सूर आणि तिसरी अर्धा सूर वर खेचावी लागते. मी उत्साहात माझ्या जुन्या गिटारवर, दोन वर्षांपूर्वीच्या गंजलेल्या तारांवर, रात्री साडेअकराला हे केलं, तिसरी तार टणकन तुटून मनगटावर ओरखडा, बायको जागी, पुढचं विचारू नका. शहाण्या माणसाने ओपन डी करावं, त्यात तारा सैल होतात, आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावावा. सूर तेच मिळतात आणि घरात शांतता राहते.

ऑलमन ब्रदर्सचा शेवटचा शो आणि ग्रेगचा शेवटचा शो एकच ना?

नाही, पण तारखेमुळे गोंधळ होतो. बँडचा शेवटचा शो २८ ऑक्टोबर २०१४, न्यूयॉर्कचं बीकन थिएटर, तो मध्यरात्र ओलांडून २९ तारखेत गेला. ग्रेगचा स्वतःचा शेवटचा कार्यक्रम २९ ऑक्टोबर २०१६, अटलांटा. २९ ऑक्टोबर हा ड्वेनचा स्मृतिदिन (वर रेकॉर्डवरच्या गिटारच्या उत्तरात आहे). पहिल्या वेळी तारीख ठरवून होती की कशी ते मी सांगत बसत नाही, दुसऱ्या वेळी तर हा शेवटचा हे प्रेक्षकांना ठाऊकही नव्हतं.

वयाने एवढा मोठा माणूस, तुम्ही सगळीकडे 'तो' काय म्हणता? 'ते' म्हणा.

लता, आशा, किशोर यांना तुमच्या घरात काय म्हणतात ते आधी सांगा.

अमेरिकेत जाणार आहे, मेकनला बघण्यासारखं काय?

अटलांटाहून गाडीने साधारण दीड तास. बँड जिथे एकत्र राहायचा ते 'बिग हाऊस' आता म्युझियम आहे, ते आधी बघा. ग्रँड ऑपेरा हाऊस बाहेरून तरी बघाच. जेवायला एच अँड एच हॉटेल, तिथल्या 'मामा' (म्हणजे आई) लुईस यांनी हे खिशात दमडी नसलेले पोरगे असताना त्यांना जेवू घातलं होतं, आणि पुढे बँड मोठा झाल्यावर ते त्यांना विसरले नाहीत.

आणि रोझ हिल कब्रस्तान. ओकमल्गी नदीच्या काठी उतारावर आहे, ड्वेन, बेरी आणि आता ग्रेग, सगळे तिथेच. आमच्यातली एक जण अटलांटाजवळ असते, ती गेली होती. तिला म्हटलं फोटो पाठव, तर तिने चाळीस सेकंदांचं ऑडिओ पाठवलं, त्यात आधी नुसते पक्षी आणि मग एकदम खडखडाट. खाली रुळ आहेत म्हणाली, कब्रस्तान आणि नदीच्या मधून जातात, मालगाडी आली होती, फार लांब होती, संपेचना म्हणून रेकॉर्डिंग बंद केलं.